शेजारच्या घरातलं बटण

गंगावेशीच्या कट्ट्यावर साडेसातच्या सुमारास
मोरणीच्या सडाखाली पितळी चरवी बोलते,
आधी टणटण, मग फेस चढत गेला की
नुसती कुजबुज.
आनंदा पसारे ग्लास पुढं करतो.
"मॅडम, आज तरी?"
"नको रे. रात्रभर पोट धरून बसायला लागतंय."
शेजारचा पैलवान दुसरा ग्लास संपवून
मनगटानं मिशी पुसतो
आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघतो
की जणू मी कुस्ती न लढताच चितपट झाले.

सकाळी बारावीच्या वर्गात हेच शिकवलं होतं.
पेशीपेशीत तीच पोथी, चारच अक्षरांची.
मोरणीच्या कानात, बुबुळात,
खुराच्या कडेला जिवंत असेल तेवढ्या कातडीत
दुधाची सगळी कृती लिहिलेली आहे, शब्दन् शब्द.
वाचली जाते ती फक्त कासेत.
बाकी ठिकाणी ते पान
प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून
घट्ट आवळून ठेवलेलं.
मागच्या बाकावरून सानिका माळवदे म्हणाली,
"मग मॅडम, कानातनं दूध का येत न्हाई?"
वर्ग हसला.
मी फळ्याकडं वळले. खरं तर
हा एकच प्रश्न आहे, पोरी.
बाकीची नुसती उत्तरं.

मूळ पोथी केंद्रकाच्या बाहेर पडत नाही.
निघते ती चिठ्ठी,
थायमिनच्या जागी युरॅसिल घालून उतरवलेली,
काम झालं की फाडायची.
रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो,
दर तिनाला एक अमिनो आम्ल,
गुजरीतल्या कारागिरानं साजात
एकेक पान ओवावं तसं,
आणि थांबायचं अक्षर आलं की थांबतो.
फळ्यावर हे दहा मिनिटांत होतं.
खडू मात्र दोन लागतात.

माझ्याही आतड्यात लॅक्टेजचं जनुक आहे.
धड आहे. एक अक्षर फुटलेलं नाही.
तान्हेपणी त्यानं इमानानं काम केलं,
पुढं पाच-सहा वर्षांची होईतो
त्याचा आवाज बसत गेला.
दुधाचा पेला बघून मी रडायला लागले
तेव्हा आई म्हणाली, नखरे.
आमच्या घरात हा शब्द
लॅक्टेजच्या खूप आधी आला.

पैलवानाचं जनुक माझ्यापेक्षा वेगळं नाही.
वेगळं आहे ते बटण,
आणि बटण त्या जनुकात नाहीच.
शेजारच्या जनुकाच्या पोटात,
जवळजवळ चौदा हजार अक्षरं अलीकडं,
एका जागी सी असायचा, तिथं टी.
बस्स. तेवढ्यावर त्याचा दिवा जन्मभर जळतो.
शुक्रवार पेठेत आम्ही राहायचो तिथं
पाण्याचा कॉक सुतारांच्या मोरीत होता,
टाकी आमच्या गच्चीवर.
सुतार गावाला गेले की आम्ही कोरडे.
हे उदाहरण मी वर्गात कधी दिलं नाही.
आता वाटतं, द्यायला हवं होतं.

पुण्यात शिकायला गेले तेव्हा
पहिल्या संध्याकाळी मेसला निघताना म्हणाले, "मी येतो."
खोलीतली मुलगी हसून लोळली:
"येतो? तू काय मुलगा आहेस?"
त्या रात्री मी ते पान घडी घातलं.
पाच वर्षं येते, जाते, बघते, करते,
एक चूक नाही.
परत आल्यावरही वर्गात तेच, स्टाफरूममध्ये तेच,
प्राचार्यांसमोर तर फारच.

पुसलं काहीच नव्हतं.
कुठल्या पेशीत उभी आहे त्यावर आहे सगळं.

मोरणी मान हलवते. लांब शिंगं
दिव्याच्या उजेडात रस्त्यापर्यंत पोचतात.
माझ्या वाट्याचा ग्लास आनंदा स्वतःच पितो,
एका दमात, डोळे मिटून.
"मग उद्या, मॅडम?"
चपलेत पाय सरकवत मी म्हणते,
"उद्या येतो की."